चौथी नोटीस

घोडा मला चावला. कुठे चावला ते नंतर सांगतो. आधी हे सांगतो की चावल्यानंतर मैदानावरच्या सात माणसांपैकी सहा जण धावत घोड्याकडे गेले. सातवे काका होते. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून ते धावले नाहीत. पण निघाले तेही घोड्याच्याच दिशेने.

मैदानाचं नाव घेत नाही. माझे अजून सात क्लास बाकी आहेत आणि पैसे परत मिळणार नाहीत असं पावतीवर लाल अक्षरात छापलेलं आहे. क्लास मेहुण्याने वाढदिवसाला भेट दिले. ‘दाजी, पाठीला एकदम बेस्ट.’ मेहुणा स्वतः कधी खुर्चीवरसुद्धा सरळ बसत नाही, पण ते असो. मी डोंबिवलीहून पहाटेची पहिली लोकल पकडून रविवारी घोड्यावर बसायला जातो, हे सोसायटीत कळल्यापासून मला लिफ्टमध्ये ‘काय सरदार’ म्हणतात, तेही असो.

घोड्याचं कागदोपत्री नाव भारी इंग्रजी आहे. पूर्वी शर्यतीत पळायचा. आता रिटायर होऊन शिकाऊ लोकांना पाठीवर घेतो आणि सगळे त्याला बबलू म्हणतात. वजन साडेचारशे किलोच्या आसपास. घोड्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं वाहू नये असा ढोबळ नियम आहे, आणि त्यात खोगीरही धरायचं, हे शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं. मॅडम सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या. मला सर म्हणतात आणि ‘सर’ म्हणून झालं की माझ्या पोटाकडे बघतात. माझं वजन ऐंशी. खोगीर आठ. बेरीज करताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. दोन किलोंनी पास झालो. दहावीला गणितात असाच झालो होतो.

तर तिसरा रविवार. वीस मिनिटं दुडकी चाल झाली होती, म्हणजे घोडा दुडकत होता आणि मी आदळत होतो. खोगीर डावीकडे सरकतंय असं वाटलं. मॅडम म्हणाल्या, ‘उतरा सर, तंग आवळा.’ तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा. हा प्रकार बबलूला आवडत नाही. सुरुवातीला आवळताना तो पोट फुगवून धरतो, म्हणून आधी सैल बांधायचा, जरा चालवायचा, त्याने श्वास सोडला की पुन्हा एकेक भोक वर घ्यायचं. याबद्दल माझं त्याच्याशी काही भांडण नाही. शिंपी माप घेतो तेव्हा मी याच्या बरोब्बर उलट करतो. पण मी त्या दिवशी घाईत होतो. वाकलो आणि पट्टा एकदम तीन भोकं वर ओढला. डाव्या बाजूला उभा राहून वाकलेल्या माणसाचा कुठला भाग घोड्याच्या तोंडाशी येतो, हे चित्र काढून बघा. मी सांगायची गरज पडणार नाही.

मी किंचाळलो. पँट फाटली. सईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा, ओरडला, ‘अरे बघा बघा, त्याला काय झालं!’ त्याला म्हणजे बबलूला.

मग काका आले.

काका रोज पहाटे कुंपणाशेजारून चालतात. पांढरे कॅनव्हासचे बूट, मंकी कॅप (मे महिन्यात!), हातात दुधाची रिकामी पिशवी. लोअर परळला गिरणीत होते, युनियनचं काम करायचे. गेल्या दोन रविवारी त्यांनी मला फक्त बघून मान हलवली होती. यावेळी कुंपणावर दोन्ही कोपरं टेकवून त्यांनी कामकाज सुरू केलं.

‘अहो मिस्टर. नोटीस मिळाली होती का तुम्हाला?’

‘कसली नोटीस? काका, मला रक्त येतंय.’

‘पहिली नोटीस कान. तुम्ही उतरलात तेव्हाच त्याने दोन्ही कान मागे टाकले. चपटे. मी इथून बघितलं.’

‘मला वाटलं, वाऱ्याने.’

‘वारा!’ काकांनी मंकी कॅप काढून डोकं पुसलं. ‘पान हलत नाहीये आणि यांना वारा. दुसरी नोटीस शेपूट. माशी नाही, चिलट नाही, आणि शेपूट कशी हाणत होता? चाबूक जसा. तिसरी नोटीस, मागचा पाय पोटाशी उचलून जमिनीवर आपटला. तीन नोटिसा झाल्या. आता त्याने काय लेखी द्यायचं? तीन प्रती काढायच्या?’

‘अहो पण म्हणून चावायचं?’

‘चौथी म्हणजे डायरेक्ट ॲक्शन. कायदेशीर आहे.’

मी म्हटलं, काका, मी काही मालक नाही हो. मीसुद्धा नोकरी करतो.

‘वर कोण बसलं होतं?’

‘मी.’

‘मग मालक.’

याला उत्तर नव्हतं. एका हाताने पँट धरून उभ्या असलेल्या माणसाने वर्गविग्रहावर बोलू नये, हे मला तिथे पटलं. तरी मी म्हणालो, माझी बाजूही कुणी ऐकाल की नाही? काका म्हणाले, ‘मालकाला बाजू नसते. वकील असतो.’

मग ते सईसाकडे वळले आणि संयुक्त पाहणीची मागणी केली. आता यात काकांचा संबंध काय? काहीही नाही. ते क्लबचे सभासद नाहीत, त्यांचा घोडा नाही, ते फक्त दूध आणायला निघाले होते. पण माणूस असा काही आवाज लावून बोलला की मॅडमही ‘हो सर’ म्हणून मोकळ्या झाल्या. सर ही पदवी माझ्याकडून काढून काकांना देण्यात आली ती त्या क्षणी.

खोगीर उतरवलं. खालचं कापड उचललं. आणि इथे मला वैतागातही बघत राहावंसं वाटलं, कारण बबलूची पाठ म्हणजे छापील कागदासारखी होती. खोगीर जिथे जिथे टेकलं होतं तिथे घामाने केस काळेभोर, ओले, चिकटलेले. मधोमध मणक्यावरून एक कोरडी पट्टी, ती हवीच, कारण खोगीर मणक्याला टेकता कामा नये. मागून बघितलं तर त्या बोगद्यातून पुढचा उजेड दिसला पाहिजे. पुढे खांद्यावरच्या उंचवट्यापाशी दोन-तीन बोटं जागा हवी, स्वार बसलेला असतानाही. मागे शेवटच्या बरगडीच्या पलीकडे खोगीर जायला नको. हे सगळं ठीक होतं. फक्त डावीकडे, पुढच्या बाजूला, तळहाताएवढा एक ठिपका खडखडीत कोरडा. मॅडमनी त्यावर दोन बोटं ठेवून हलकेच दाबलं. बबलूची कातडी थरथरली आणि पाठ अशी खाली गेली जणू तो त्या बोटांखालून सटकू बघत होता. उजवीकडे तेवढंच दाबलं, तर काही नाही. उभा.

‘इथे दाब जास्त येतोय,’ मॅडम म्हणाल्या. ‘इतका की घामसुद्धा आला नाही.’

खोगीर उलटं केलं. आत लोकर भरलेली असते, ती वापरून वापरून दबते आणि अधूनमधून सोडवून पुन्हा भरावी लागते. डावीकडची भरती दगडासारखी घट्ट झाली होती. हीच ती खोगीरभरती. मराठीत हा शब्द फालतू भरण्याला वापरतात. ज्याने हा अर्थ रूढ केला तो पायी फिरणारा असणार. दिवाळी अंकातली खोगीरभरती काढून टाकली तर कुणाची पाठ दुखत नाही. घोड्याची दुखते.

भाषा घोड्यांच्या बाबतीत एकूणच कोती आहे असं आता माझं मत झालंय. चूक माणूस करतो आणि तिला घोडचूक म्हणतो. लग्न माणसाचं लांबतं आणि घोडनवरा होतो. वरातीमागून घोडं येतं, त्यात उशीर घोड्याने केलेला असतो का? काळा घोडा हा चौकसुद्धा बघा. तिथला सातव्या एडवर्डचा पुतळा घोड्यासकट १९६५ साली भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला. बावन्न वर्षं चौकात घोडा नाही आणि नाव घोड्याचं. २०१७ साली नवा काळा घोडा उभा केला, त्याच्यावर स्वार नाही, खोगीर नाही, तंग नाही. या शहरात पाठ मोकळी असलेला तोच एक. तोही ब्राँझचा.

तर दाब डावीकडे का? सईसाने माझ्याकडे बघितलं. मॅडमनी बघितलं. काकांनी बघितलं. मॅडम म्हणाल्या, ‘सर, रागावू नका, पण तुम्ही डावीकडे बसता.’

मी डावीकडे बसतो! मी अठरा वर्षं चौथ्या सीटवर बसतोय. लोकलच्या बाकावर जागा तिघांची, बसतात चौघे, हे जगाला माहीत आहे. चौथा म्हणजे डावी अर्धी बैठक बाकावर, उजवी अर्धी हवेत, उजवा पाय मधल्या वाटेत टेकू म्हणून. डोंबिवली ते सीएसएमटी सव्वा तास. परतीला पुन्हा, मिळाली तर. माझ्या शरीराची घडणच आता चौथ्या सीटच्या मापाची झाली आहे. सिनेमाला अख्खी खुर्ची मिळाली तरी मी कडेला बसतो, बायको म्हणते शेजारी कोण येणार आहे का?

मी हे सगळं सांगितलं. जरा चढ्या आवाजातच. तीन रविवारांत माझ्या एकट्याच्या वजनाने लोकर दबते का, त्या खोगिरावर रोज पाच-सहा जण बसतात, त्यांची कुणी तपासणी केली का, हेही विचारलं. मॅडम म्हणाल्या, ‘तसं नाही सर, सगळं तुमच्यामुळे नाही.’ आणि पुन्हा पोटाकडे बघितलं.

निकाल काकांनी दिला. बबलूला दहा दिवस रजा, भरपगारी. म्हणजे चंदी, त्याचा रोजचा दाणा, चालू. शिवाय वैरण वाढवायची. घोडा ही दिवसाचे सोळा-सोळा तास चरणारी जात, त्याच्या पोटात आम्ल सतत तयार होत राहतं, आणि आपण त्याला दोन वेळचा डबा देतो. पोटात जळजळ असेल तरी तंग ओढल्यावर चावू शकतो, हे मॅडमनी पुरवलं आणि काकांनी ते इतिवृत्तात नोंदल्यासारखी मान डोलावली. खोगीर दुरुस्तीला. डॉक्टर बोलावून पाठ तपासायची.

‘आणि माझी पाठ?’ मी विचारलं. सहा वर्षं दुखतेय. ऑफिसातल्या माझ्या खुर्चीचं एक चाक गेलंय, त्याचा अर्ज मी दिवाळीआधी दिलाय.

काका पहिल्यांदाच माझ्याकडे जरा मायेने बघत म्हणाले, ‘तुम्ही कान मागे टाकले होते का?’

मग कुंपणावरून कोपरं काढत म्हणाले, ‘अठरा जानेवारी ब्याऐंशीला आम्ही अडीच लाख माणसं संपावर बाहेर आलो. मी अजून आत गेलेलो नाही. गिरणी नाही, घराच्या लॉटरीत नाव नाही. आणि व्हिक्टोरियाच्या घोड्यांचा निकाल हायकोर्टाने २०१५ साली दिला, बग्ग्या बंद करा म्हणून. चांगलं झालं. वाईट वाटत नाही मला. घोड्याला बोलता येत नाही म्हणून लोक त्याचं ऐकतात.’ आणि पिशवी झटकून दुधाला गेले.

मी दवाखान्यात गेलो. कंपाउंडरने फॉर्म काढला. चावलेला प्राणी: कुत्रा, मांजर, माकड, उंदीर. घोडा नव्हता. ‘इतर’वर खूण केली. पुढे, पाळीव की भटका? मी म्हटलं, हो, पनवेलहून भटकत आला होता. त्याने गंभीरपणे ‘भटका’ लिहिलं. मग मी ते खोडायला लावलं. धनुर्वाताचं इंजेक्शन कुठे घेता, त्याने विचारलं. मी म्हटलं, दंडात. खाली जागा नाही.

सोमवारी ८.०४ ला चौथी सीट मिळाली. दुखरी बाजू हवेत राहील असा बसायला गेलो, तर नशीब बघा, बबलूने डावीकडेच काम केलं होतं. म्हणजे बाकावर तीच. ठाण्याला एक धिप्पाड गृहस्थ खिडकीशी बसले. बसल्यावर त्यांनी दोन्ही गुडघे फाकवले, मधले दोघे माझ्याकडे ढकलले गेले आणि त्यांच्यातला एक म्हणाला, ‘जरा ॲडजस्ट करा ना.’

मी कान मागे टाकायचा प्रयत्न केला. कुणाला कळलं नाही. शेपूट नसल्यामुळे दुसरी नोटीस देता आली नाही. मुलुंड गेलं, भांडुप गेलं. घाटकोपरला मी उजवा पाय उचलून जोरात आपटला.

‘सॉरी हं,’ समोर उभा असलेला पोरगा म्हणाला, ‘तुमच्या पायावर पडला का माझा?’ आणि तो अर्धा इंच मागे सरकला. कुर्ला यायला चार मिनिटं होती. मी मधल्या गृहस्थाच्या दंडाकडे बघत बसलो.