पाच हजारांचं रिकामं खोकं

नव्या व्हिडिओ गेमचं खोकं उघडलं आणि आत कागद निघाला. डिस्क नाही. कागद!

४,९९९ रुपये मोजलेत मी. शनिवारी भर दुपारी लक्ष्मी रोडच्या आसपास गाडी लावायला जागा शोधत चार चकरा मारल्यात. पार्किंगचे पैसे वेगळे. सीलबंद खोकं काखेत मारून घरी आलोय, हात धुऊन (हो, धुऊन) वरचं प्लास्टिक सोललंय. आत डिस्क अडकवायची ती मधली गोल खुंटी जागच्या जागी आहे, मोकळी. आणि समोरच्या खाचेत पुण्याच्या पीएमटी बसच्या तिकिटाएवढा एक कागद : कोड टाका आणि गेम डाउनलोड करून घ्या.

अरे, डाउनलोडच करायचा होता तर घरी बर्म्युड्यावर बसून केला नसता का?

दुकानदाराला फोन लावला. "मागे लिहिलंय की साहेब." खोकं उलटं केलं, चष्मा कपाळावर चढवला, खोकं नाकाला टेकवलं. लिहिलंय खरं. गोळ्यांच्या पाकिटावर एक्स्पायरी डेट असते ना, त्या टायपात, बारकोडच्या बुडाशी. म्हटलं, बरं, परत घ्या. "कोड खरवडलाय का?" खरवडला होता. रागाच्या भरात, रुपयाच्या नाण्याने, लॉटरी लागणार असल्यासारखा. "मग नाही होत साहेब." आणि फोन ठेवला त्याने. माझ्या आधी ठेवला!

पुढचा तमाशा ऐका. इतक्या जोरात खरवडला होता की शेवटून तिसरं अक्षर निम्मं उडालेलं. बी टाकून बघितलं, चूक. आठ टाकून बघितलं, चूक. मोबाईलचा टॉर्च मारला, कागद तिरका धरला, उजेडासमोर धरला. शेवटी बायकोला दाखवलं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "आर वाटतोय." आर होता. ती तेवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. "हा कागद केवढ्याचा?"

काही उत्तर आहे का याला? तुम्हीच सांगा.

डिस्कच का हवी होती ते सांगतो. आमची चौघांची भिशीच आहे, कॉलेजपासूनची. एकाने घ्यायची, संपवून पुढच्याला द्यायची, चौघांची फिरून झाली की सेकंडहँडवाल्याला दोन हजाराला टेकवायची. माणशी साडेसातशे पडतात. साडेसातशेला कुठलाही गेम मला परवडतो, भंगारातला भंगारसुद्धा, शिव्या घालत का होईना संपवतो. कोडवर कसली भिशी? तो माझ्या अकाउंटला चिकटला तो चिकटला. विकता येत नाही, मित्राला देता येत नाही, आणि त्याचे पैसे मात्र डिस्कएवढेच. प्लास्टिक वाचवलंत, छपाई वाचवलीत, तर शंभर रुपये तरी कमी करा की लेको!

बरं, डिस्क मिळाली असती म्हणजे फार दिवे लागले असते असंही नाही म्हणा. २०२५ मध्ये 'डूम : द डार्क एजेस' या गेमच्या पीएस५ च्या (म्हणजे सोनीच्या गेम खेळायच्या यंत्राच्या, कन्सोलच्या) डिस्कवर जेमतेम ८५ एमबी निघाले. पंच्याऐंशी! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी आठच्या आत त्याहून जास्त वजनाची सुप्रभात येतात. बाकी सगळा गेम नेटवरून उतरवा.

आणि ज्या दिवशी कंपनीला वाटेल त्या दिवशी दुकान बंद. 'द क्रू' या गेमचे सर्व्हर २०२४ च्या मार्चअखेर काढून घेतले, विकत घेतलेला गेम लोकांच्या हातात नुसता आयकॉन होऊन पडला. तुम्ही गेम नाही, लायसन्स घेतलं होतं म्हणे. उद्या फ्रिजवाला येऊन म्हणेल, तुम्ही गारवा घेतला होता.

किमतीचं तर बोलूच नका. नव्या गेमच्या साठ डॉलरचे २०२० मध्ये सत्तर झाले, तेव्हाच आपल्याकडे हा ४,९९९ चा आकडा घरात शिरला. २०२५ मध्ये मारिओ कार्ट वर्ल्ड ऐंशी. त्यामागोमाग 'द आउटर वर्ल्ड्स २' ऐंशीला जाहीर केला, लोकांनी बोंब मारल्यावर मुकाट्याने सत्तरवर आणला. म्हणजे दहा डॉलर नुसते बघू, चालले तर चालले, म्हणून लावले होते! कन्सोलची तीच तऱ्हा. वस्तू जुनी झाली की स्वस्त होते असं आम्ही शिकलो. पीएस५ इथे २०२१ मध्ये ४९,९९० ला आला आणि २०२२ च्या नोव्हेंबरात ५४,९९० झाला.

यावर कुणीतरी हुशार येऊन सांगतोच, "महागाई धरली तर गेम उलट स्वस्त झालेत." बरं. मग माझा पगारही महागाई धरून वाढवा, मी बसतो गप्प. "बजेट बघा त्यांचं." बघितलं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टात सोनीचे कागद आले, आकड्यांवर मार्कर फिरवलेला, पण स्कॅन केल्यावर खालचं सगळं दिसलं : 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' या एका गेमला २२ कोटी डॉलर. मार्करसुद्धा धड मारता येत नाही आणि निघालेत आम्हाला बजेट शिकवायला. तिकडे ऑस्ट्रेलियात ॲडलेडमधली तीन-चार टाळकी 'सिल्कसाँग' हा गेम करतात आणि वीस डॉलरला देतात. त्यांना नाही का महागाई?

लहानपणी '९९९९ इन १'ची कॅसेट होती. त्यात खरे गेम वीस-बावीस, बाकी मारिओच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने. फसवत तेव्हाही होतेच. पण अडकली की काढून फुंकर मारायची, चालायची. कोडला कुठे फुंकू?

आता खरं सांगतो, कुणाला बोलू नका. या गेमची प्री-ऑर्डर (बाजारात यायच्या आधीच बुकिंग) मीच केली होती. ट्रेलर बघून, ऑफिसात, मीटिंग चालू असताना. गेल्या वर्षी याच चौघांसमोर शपथ घेतली होती की पुन्हा प्री-ऑर्डर करणार नाही. माझ्या अकाउंटच्या लायब्ररीत १४० गेम आहेत, त्यातले शंभर उघडलेलेसुद्धा नाहीत. 'रेड डेड २' सेलमध्ये घेतला, 'अर्ध्याहून कमी किमतीत' म्हणून दोन दिवस मिरवलो, अजून सुरुवातीच्या बर्फातच घोडा घेऊन उभा आहे. आणि आठवड्यातून मोकळा वेळ मिळतो तीन तास, त्यात अर्धा तास अपडेट.

आत्ता ११८ जीबी उतरतंय. ६१ टक्क्यांवर लाईट गेली होती, आली. 'जीटीए ६' या गेमची तारीख दोनदा पुढे ढकलून २०२६ च्या नोव्हेंबरात दिलीय, तेव्हा काय मागतील देव जाणे. किडनीचे भाव काढून ठेवा.

ग्रुपवर मेसेज येऊन पडलाय : "झाला की पास कर रे." रिकाम्या खोक्याचा फोटो टाकला. तिघं मिळून दहा मिनिटं हसले. मग एक म्हणतो, खोकं तरी दे, शेल्फात लावायला.

देणार नाही. पाच हजारांत हातात आलेली तेवढी एकच वस्तू आहे.