क्षयाने मरणारी बाई एवढी खात्यापित्या घरची कशी?

परवा मुंबईत एनसीपीएच्या नाट्यगृहात मोठ्या पडद्यावर ‘ला त्राव्हियाता’ हा ऑपेरा (युरोपातलं संगीत नाटकच, फक्त जवळजवळ सगळं गायलेलं) पाहून बाहेर पडत होते. पुढे चाललेले एक काका (पुण्याचेच असणार, नापसंती इतक्या खणखणीत आवाजात दुसरं कोण सांगतं?) बायकोला म्हणाले, “गाणं उत्तम गं, पण क्षयाने मरायला टेकलेली बाई एवढी खात्यापित्या घरची?” काकू हसल्या. मीही हसले, खोटं कशाला बोला. पण चर्चगेटला गाडीत बसले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण ते काकांचं नव्हेच. ते १८५३ सालापासून फिरतंय.

६ मार्च १८५३, व्हेनिसचं ला फेनीचे थिएटर, इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या या ऑपेराचा पहिला प्रयोग. नायिका व्हिओलेत्ता म्हणजे पॅरिसमधली देखणी गणिका, आतून क्षयाने पोखरलेली. भूमिकेत फॅनी साल्विनी-दोनातेल्ली, तिशी केव्हाच ओलांडलेली आणि अंगाने चांगली भरलेली. शेवटच्या अंकात डॉक्टर सांगतो की आता काही तासांचीच सोबत, आणि म्हणतात, तिथे प्रेक्षागृहात हशा पिकला. दुसऱ्याच दिवशी व्हेर्दीने पत्रातून कळवलं की ऑपेरा पडला, दोष माझा की गायकांचा ते काळ ठरवील.

ही गोष्ट ऑपेराच्या प्रत्येक गप्पांत निघते. तिच्यातला एक भाग मात्र हमखास गाळला जातो. पहिल्या अंकानंतर याच बाईला लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. त्या रात्री आवाज बसला होता तो टेनर (उंच पट्टीचा पुरुष गायक) ग्रात्सिआनीचा, आणि बॅरिटोन (त्याहून खालच्या पट्टीचा) व्हारेसीचे दिवस उतरणीला लागले होते. पण ‘टेनरचा घसा बसला’ यात किस्सा कसला? ‘क्षयरोगी नायिका जाडी’ हा किस्सा. पावणेदोनशे वर्षांत बिचारीच्या नावापुढे तिचं वजन तेवढं शिल्लक राहिलं.

व्हेर्दी माझ्या बाजूने साक्ष देणार नाही हेही सांगून टाकते. त्याला आधीपासून तरुण आणि सुडौल गायिकाच हवी होती, पण गायिका बदलायची करारातली मुदत टळून गेली होती. पुढच्या वर्षी, १८५४च्या मे महिन्यात, व्हेनिसच्याच दुसऱ्या थिएटरात थोडे फेरफार करून आणि मारिया स्पेत्सियाला घेऊन तोच ऑपेरा पुन्हा लागला आणि धो धो चालला.

तरीही माझं मत काकांच्या विरुद्धच. या भूमिकेला आधी गळा लागतो, देह नंतर.

व्हिओलेत्ताला तीन गळे लागतात असं ऑपेरावाले म्हणतात, आणि ती अतिशयोक्ती नाही. पहिल्या अंकाच्या शेवटी ‘सेम्प्रे लिबेरा’त गळा नुसता नाचवायचा, तानांवर ताना. (तिथे शेवटी पुष्कळ जणी जो टिपेचा सूर लावतात आणि ज्यावर लोक जीव टाकतात, तो व्हेर्दीने लिहिलेलाच नाही. आपल्याकडे नाट्यपदात गायकाने आपल्या पदरची जागा घ्यावी तसा तो परंपरेने चिकटला.) दुसऱ्या अंकात प्रियकराच्या बापापुढे हार मानताना तोच गळा मऊ आणि भरीव हवा. आणि तिसऱ्यात, मरताना, आवाजात जवळजवळ काहीच उरलेलं नाही असं वाटलं पाहिजे, पण तो पोचला पाहिजे शेवटच्या बाकापर्यंत. हे सगळं माइकशिवाय. रंगमंचापुढच्या खड्ड्यात साठ-सत्तर वादक बसलेले असतात. त्यांच्यावरून आवाज पलीकडे जातो तो ओरडून नव्हे. कमावलेल्या गळ्यात तीन हजार हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी कंपनं) आसपास एक धार येते, आणि वाद्यवृंदाचा जोर नेमका तिथे कमी पडतो. ती धार यायला वर्षं जातात. म्हणजे ज्या वयात बाई व्हिओलेत्तासारखी दिसते, त्या वयात ती बहुधा तिच्यासारखी गाऊ शकत नाही. व्हिओलेत्ता ऐन तारुण्यातली, गाणारी पुष्कळदा चाळिशीची.

हे आपल्याला तरी नवं वाटायला नको. माझ्या आजीने परकरी वयात बालगंधर्वांची रुक्मिणी पाहिली होती. तेव्हा त्यांची चाळिशी उलटलेली, अंग सुटलेलं, शिवाय मुळात पुरुष. मी कॉलेजात असताना अकलेचे तारे तोडत विचारलं होतं, “आजी, तुम्हाला हसू नाही यायचं?” ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, “पहिलं पद होईस्तोवर नारायणराव दिसायचे. मग रुक्मिणीच.” आणि पुढचा खडा काढला.

‘पहिलं पद होईस्तोवर’ ही जी मुदत आहे ना, ती रंगभूमी देते. प्रेक्षक लांब बसलेला असतो, तिथपर्यंत आधी आवाज येतो, आणि त्या आवाजाला शोभेल असा देह तो आपल्या मनाने चढवतो. कॅमेरा ही मुदत देत नाही. तो पहिल्याच मिनिटाला हनुवटीखालची वळी दाखवतो. बालगंधर्वांनी १९३७ साली बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’ या बोलपटात मीरा केली. गळा तोच होता. पण रंगमंचावरची जादू पडद्यावर उतरली नाही.

ऑपेरावर हीच वेळ बरीच उशिरा आली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने ३० डिसेंबर २००६ला पहिला प्रयोग थेट चित्रपटगृहांत दाखवला. त्यातूनच माझ्यासारख्या बाईला मुंबईत बसून हे बघायला मिळतं, तेव्हा मी कृतघ्न नाही. न्यूयॉर्कचं तिकीट मला या जन्मात परवडणार नव्हतं. पण आता आरियाच्या (एकट्याने गायच्या पदाच्या) ऐन मध्यावर कॅमेरा गायिकेच्या दाढा दाखवतो, कपाळावरचा घाम दाखवतो, आणि मी ऐकायचं सोडून बघत बसते. भूमिका देणाऱ्यांनाही ते डोळ्यांसमोर ठेवावं लागत असणारच. शिवाय पडद्यावर आवाज येतो तोही स्पीकरमधून. बारीक गळ्याची आणि भरदार गळ्याची, दोघी सारख्याच मोठ्या ऐकू येतात. ज्या एका गोष्टीत जाडी बाई जिंकली असती, ती गोष्टच तिथे मोजली जात नाही.

आता कोणी तरी खाली प्रतिक्रियेत ऑपेराची गाजलेली गायिका मारिया कॅलास हिचं नाव लिहिणार, म्हणून मीच लिहिते. १९५३-५४च्या सुमारास तिने तीस-पस्तीस किलो वजन उतरवलं, आणि २८ मे १९५५ला मिलानच्या ला स्कालामध्ये लुकिनो व्हिस्कोंतीने बसवलेल्या ‘त्राव्हियाता’त ती उभी राहिली. पाहुणे गेल्यावर तिने पायातले बूट भिरकावून दिले आणि मग गायला लागली. जुने रसिक खवळले. तिचा टेनर दि स्तेफानो तर व्हिस्कोंतीच्या लांबलचक तालमींना इतका वैतागला होता, की पहिला प्रयोग करून तो निघूनच गेला. त्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण मिळतं, चित्रीकरण नाही. मी ते कितीदा ऐकलंय मोजलेलं नाही, आणि गंमत बघा, मला त्यात बारीक बाई दिसते. ती बारीक होती म्हणून नव्हे. तिसऱ्या अंकात ती पत्र वाचते, गात नाही, नुसतं वाचते, तेव्हा श्वासच पुरत नाही तिला. वजन उतरवल्यामुळे तिचा आवाज लवकर गेला का, यावर लोक अजून हमरीतुमरीवर येतात. मी त्यात पडत नाही.

आणि दिग्दर्शकांवर माझा राग आहे असंही समजू नका. २००५ साली ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला दिग्दर्शक विली डेकरने याच ऑपेरातलं दिवाणखान्याचं सगळं सामान काढून टाकलं. उरली एक पांढरी वळणदार भिंत, एक भलंमोठं घड्याळ आणि लाल झग्यातली व्हिओलेत्ता, म्हणजे गायिका आन्ना नेत्रेब्को. सुंदर दिसते, सुंदर गाते, मला तो प्रयोग फार आवडतो. फक्त त्यानंतर ‘व्हिओलेत्ता अशीच दिसली पाहिजे’ म्हणणारे वाढले, ते आवडत नाही.

त्या काकांना गाठून एकच चित्रफीत दाखवायची होती, तेवढ्यात ते टॅक्सीत बसून गेले. तर ती तुम्ही बघा. १९७४चा जुलै, दक्षिण फ्रान्समधलं ओरांजचं उघडं रोमन रंगमंदिर, बेल्लिनीचा ‘नोर्मा’ हा ऑपेरा, आणि त्यात गायिका माँसेरात काबाये. अंगाने कशी होती ते दिसेलच. त्या रात्री तिकडचा तो कुप्रसिद्ध वारा, मिस्त्राल, सुटला होता. झगा फडफडतोय, बुरखा तोंडावर येतोय, बाकीच्यांची वस्त्रं सांभाळताना तारांबळ. अशा वाऱ्यात ‘कास्ता दीव्हा’ हे त्यातलं गाजलेलं पद गायचं, म्हणजे देवळाच्या पायरीवर समई तेवत ठेवण्यातला प्रकार. ही बाई जागची हलत नाही. एक सूर असा बारीक करत नेते, की वारा आधी थांबेल असं वाटतं. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, हेडफोन लावा. आणि पहिली दोन मिनिटं ती जाडी दिसेल, तेवढी दिसू द्या.