‘गाडीला स्टिअरिंगच नसतं, मग शिकायचं काय?’ – एका फिरत्या मेसेजला उत्तर

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाणी कधी येणार आणि जिन्यात चपला कुणी ठेवल्या या दोन विषयांपलीकडे सहसा काही नसतं. गेल्या महिन्यात तिथे ट्रेन सिम्युलेटरवरचा, म्हणजे संगणकावर आगगाडी चालवायच्या खेळावरचा, एक मेसेज आला. दोन दिवसांनी तोच शाळेच्या ग्रुपवर, मग ताईच्या सासरच्या ग्रुपवर. मी रात्री जेवणं झाली की तासभर संगणकावर गाड्या चालवतो हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे प्रत्येकानं तो मला वेगळा पाठवला. सात वेळा आल्यावर उत्तर द्यायचं ठरवलं.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा. एक, ट्रेन सिम्युलेटरला ऐंशी हजारांचा गेमिंग पीसी आणि खऱ्या लिव्हरचा कंट्रोलर लागतो, नसेल तर नादी लागू नका. दोन, आगगाडीला स्टिअरिंग नसतं, शिकण्यासारखं काही नाही, पंधरा मिनिटांत जमतं. तीन, सुरुवात सगळ्यांत वेगवान गाडीनं करा, लोकल आणि मालगाड्या कंटाळवाण्या. चार, जितके मार्ग जास्त तितकी मजा, सेल लागला की सगळे ॲड-ऑन, म्हणजे वेगळे विकत मिळणारे मार्ग आणि गाड्या, उचला. पाच, मुलगा सहा महिने खेळला तर लोको पायलटच्या भरतीत हमखास पुढे.

दुसरा मुद्दा आधी घेतो. बाकीचे चार त्याच्याच पोटातून निघालेत.

स्टिअरिंग नसतं हे कबूल. पण स्टिअरिंग असलं की चुकीतून बाजूला निसटता येतं, ही सोय रुळावर नाही. तुमच्या हातात फक्त वेग असतो आणि तो पाहिजे तेव्हा कमी होत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं, घर्षण कमी. त्यामुळेच एक इंजिन हजारो टन ओढू शकतं आणि त्यामुळेच गाडी थांबायला रस्त्यावरच्या वाहनापेक्षा कितीतरी जास्त अंतर खाते. शाळेतलं गणित करून बघा. प्रवाशांना धक्का न बसेल असा ब्रेक लावला आणि दर सेकंदाला वेग अर्धा मीटर प्रतिसेकंदानं उतरतोय असं धरलं, तर ताशी १०० किलोमीटरवरून थांबायला सुमारे ७७० मीटर लागतात. ताशी ५० वरून साधारण १९३. वेग निम्मा, अंतर चौथा हिस्सा. म्हणजे प्लॅटफॉर्म दिसल्यावर ब्रेक लावणारा माणूस प्लॅटफॉर्मच्या पलीकडे जाऊन थांबतो. मी पहिल्या आठवड्यात हेच केलं. एका स्टेशनावर तर पुढचा सिग्नल लाल असताना तोही ओलांडला आणि खेळ तिथेच संपला.

शिवाय हा ब्रेक काही गाडीच्या पेडलसारखा नाही. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत हवेचा एक पाइप जातो. आपल्याकडे त्यात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब भरलेला असतो. दाब कमी केला की ब्रेक लागतात. पाइप तुटला, डबा सुटला, तरी दाब जातो आणि ब्रेक आपोआप लागतात. जॉर्ज वेस्टिंगहाउसनं १८७२ मध्ये हीच उलटी युक्ती काढली आणि जगातल्या बहुतेक गाड्या आजही तिच्यावर थांबतात. आता खेळायला बसलेल्याला यातून काय कळायला हवं? दाब पुढून मागे पोहोचायला वेळ लागतो. लांब मालगाडीत तुम्ही हँडल हलवल्यावर काही सेकंद काहीच होत नाही. नवखा माणूस घाबरून आणखी ब्रेक लावतो, मग एकदम सगळं जाणवतं, मग तो घाईनं ब्रेक सोडतो. असं चार वेळा केलं की डब्यांखालच्या टाक्यांमधली हवा संपते आणि उतारावर ब्रेक मागितला तर मिळत नाही.

त्यातही देशानुसार फरक. आपल्याकडच्या आणि युरोपातल्या गाड्यांत ब्रेक थोडा थोडा सैल करता येतो. अमेरिकी मालगाडीत ती सोय नाही, सोडला की पूर्ण सुटतो. म्हणून अमेरिकी मार्गांवर उतरताना ब्रेक कमी कसा करू, असं विचारणाऱ्याला उत्तर असतं की करू नकोस, आधीच बेतानं लाव. पंधरा मिनिटांत हे कुणाला जमलं असेल तर त्याचा पत्ता मलाही द्या.

पुणेकराला तर हे वेगळं सांगायला नको. लहानपणी मुंबईहून येताना कर्जतला बाबा वडे आणायला उतरायचे आणि आम्ही खिडकीत जीव मुठीत धरून बसायचो. मागून एक हलका धक्का बसायचा. तो बँकर, म्हणजे गाडीला मागून रेटायला जोडलेली इंजिनं. पुढे लोणावळ्यापर्यंत बोरघाट, चढ ३७ ला १. दर ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. हजार टनांची गाडी धरा, नुसती जागेवर टिकवायलाच सुमारे २७ टनांचा जोर लागतो, वर नेणं पुढची गोष्ट. आणि गाडी उतरताना तेच वजन मागून ढकलत असतं. घाटात उतरणाऱ्या गाड्या इतक्या हळू का चालतात, असं ताई दर वेळी कुरकुरायची. सिम्युलेटरमध्ये एकदा घाट उतरवला की ही कुरकुर कायमची बंद होते.

आता तिसरा मुद्दा, सगळ्यांत वेगवान गाडी. याला माझा भाचा साक्षीदार आहे. वय तेरा. मेसेज वाचून त्यानं माझ्या संगणकावर ट्रेन सिम वर्ल्ड उघडला, कोलोन-आखन मार्ग निवडला आणि आयसीई या जर्मनीच्या वेगवान गाडीत जाऊन बसला. त्या खेळात जर्मन सुरक्षायंत्रणा बंद ठेवून चालवता येते. याला मर्दुमकी दाखवायची होती, त्यानं सगळी बटणं चालू केली. जर्मन गाड्यांत चालक जागा आहे ना हे तपासणारं पेडल असतं, ते अधूनमधून सोडून पुन्हा दाबावं लागतं. शिवाय सावधतेचा सिग्नल ओलांडला की चार सेकंदांत बटण दाबून ‘पाहिला’ असं कळवावं लागतं. दोन्हीतलं काहीच त्याला माहीत नव्हतं.

“मामा, गाडी आपोआप थांबतेय!”

“तू झोपलायस असं वाटतंय तिला.”

“पण मी जागा आहे ना!”

“मग सांग की तिला तसं.”

अर्ध्या तासात तीन वेळा इमर्जन्सी ब्रेक लागला आणि आयसीई कोलोनच्या बाहेरसुद्धा नीट पडली नाही. आपल्या इंजिनांमध्येही असंच यंत्र आहे. चालकानं मिनिटभर कशालाच हात लावला नाही तर ते आधी इशारा देतं, मग ब्रेक लावतं.

वेगवान गाडीची खरी अडचण वेगळीच आहे. तिला थांबे कमी. तासाभरात दोनदा थांबलात तर थांबण्याचा सराव दोनदाच झाला. पुणे-लोणावळा लोकल ६४ किलोमीटरांत शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड असं करत जाते. मध्ये आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, मग तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली. पुणं सुटल्यापासून लोणावळ्यापर्यंत सोळा वेळा थांबणं, सोळा वेळा निघणं. नवख्याला असंच काहीतरी हवं. ज्याला कंटाळवाणं म्हणतात ते इथे शाळेचं काम करतं. दापोडीला चुकलं तर तीन मिनिटांत कासारवाडीला सुधारायची संधी. भाच्याला मी एका रविवारी शिवाजीनगरला नेलं आणि सांगितलं, गाडीकडे बघू नकोस, मोटरमन प्लॅटफॉर्मवर कुठे थांबतो ते बघ. तीन लोकल पाहिल्या. तिन्ही जवळपास एकाच जागी थांबल्या. तो गप्प झाला. त्याला गप्प करणं हे त्याच्या आईलाही रोज जमत नाही.

सिग्नलांचं म्हणाल तर आपल्याकडच्या माणसाला एक फायदा आहे. आपल्या मुख्य मार्गांवर हिरवा, दोन पिवळे, एक पिवळा, लाल असा क्रम असतो. दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नल वेग आवरून ओलांडायची तयारी, एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी. ब्रिटनमध्येही हाच क्रम. तिथे फक्त एक भर आहे, हिरव्याला केबिनमध्ये घंटेसारखा नाद येतो आणि पिवळ्याला भोंगा, तो लगेच बटण दाबून गप्प करावा लागतो, नाहीतर ब्रेक. म्हणून पहिला परदेशी मार्ग ब्रिटनमधला उपनगरी घ्यावा हे माझं मत. अमेरिकेत सिग्नलांचे नियम कंपनीगणिक बदलतात, तिकडे दुसऱ्या वर्षी जावं.

पैशांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. ट्रेन सिम वर्ल्डला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं, जुन्या लॅपटॉपवर तो रखडत चालतो. पण सिम्युलेटर म्हणजे तेवढाच नाही. ओपन रेल्स पूर्ण फुकट आहे, त्याचा मूळ प्रोग्रॅमही (सोर्स) सगळ्यांना खुला आहे. २००१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरसाठी लोकांनी बनवलेले मार्ग आणि गाड्या तो चालवतो. त्यात हौशी लोकांनी बनवलेली भारतीय इंजिनं आणि मार्गही आहेत. एक मेख लक्षात ठेवा. ओपन रेल्स हा नुसता खेळ चालवणारा सांगाडा समजा, मार्ग वेगळे उतरवून घ्यावे लागतात आणि त्यातल्या बऱ्याच मार्गांना त्या जुन्या मायक्रोसॉफ्टच्या खेळातल्या मूळ फाइली लागतात. उतरवण्याआधी मार्गासोबतची माहिती वाचा, नाहीतर अर्धी झाडं आणि अर्धी घरं गायब दिसतील आणि तुम्ही संगणकाला दोष द्याल. माझा संगणक नऊ वर्षांचा आहे. तो घेताना एका दुकानदारानं गाड्यांचा खेळ म्हटल्यावर मला मोटार रेसिंगचं चाक दाखवलं होतं!

कंट्रोलरचं उत्तर एका ओळीत. रेलड्रायव्हर नावाचं लिव्हरवालं यंत्र मिळतं, छान आहे, पण गरजेचं नाही. ओपन रेल्समध्ये डी आणि ए नं थ्रॉटल (इंजिनाचा जोर) वरखाली, डब्ल्यू आणि एस नं पुढची-मागची दिशा, ब्रेकसाठी अर्धविराम आणि अवतरणाची कळ. तिथेच एफ-फोर दाबलं की पुढचा सिग्नल आणि वेगमर्यादा किती दूर आहेत ते दिसतं. सुरुवातीला ती खिडकी उघडी ठेवा आणि लाजू नका.

ॲड-ऑनच्या बाबतीत मेसेज लिहिणाऱ्याला माझा सरळ विरोध आहे. ट्रेन सिम्युलेटर क्लासिक या आणखी एका खेळाचे सगळे ॲड-ऑन घ्यायचे म्हटलं तर हिशेब हजारो डॉलरांत जातो. मी हिशेबनीस माणूस, मला हा आकडा झोपू देत नाही. पण पैसे बाजूला ठेवले तरी मुद्दा चूकच आहे. रेल्वेत अनुभवी लोको पायलटलाही नव्या सेक्शनवर एकट्याला पाठवत नाहीत. आधी रोड लर्निंगच्या फेऱ्या होतात. चढ कुठे सुरू होतो, कोणता सिग्नल वळणामागे लपतो, ब्रेक कुठल्या खुणेला धरायचा, हे त्या मार्गावरच शिकावं लागतं. माझ्याकडे शंभर पानी वही आहे, शाळेची, चौकटीची. त्यात एकाच मार्गाच्या खुणा आहेत. ‘पूल ओलांडला की ६०’, ‘लाल छपराच्या घराला ब्रेक’ अशा. पावसाळी रात्रीच्या फेरीसाठी वेगळं पान, कारण ओल्या रुळावर चाक घसरतं आणि लाल छप्पर दिसत नाही. बारा मार्ग विकत घेतलेल्या माझ्या एका मित्राला बाराही मार्गांवरची पहिली दोनच स्टेशनं पाठ आहेत.

घ्यायचंच असेल तर एक मार्ग घ्या. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि खेळण्याचे दोन तास व्हायच्या आत परत करता येतं. ते दोन तास मेनूत घालवू नका, गाडी चालवण्यात घालवा.

उरला पाचवा मुद्दा, आणि त्याचा मला राग आहे. बाकीच्या चारांनी फार तर पैसे आणि वेळ जाईल, हा मुलांना खोटी आशा लावतो. असिस्टंट लोको पायलटच्या भरतीत संगणकावरच्या दोन परीक्षा असतात, गणित, तर्क, विज्ञान आणि आयटीआय किंवा डिप्लोमाच्या विषयांच्या. त्यानंतर अभियोग्यता चाचणी. तिच्यात स्मरणशक्ती, सूचना पाळणं, अंतराचा अंदाज, एकाग्रता तपासतात. गाडी चालवून कुणी दाखवायची नसते. निवड झाल्यावर रेल्वेची स्वतःची प्रशिक्षणकेंद्रं आहेत आणि तिथे त्यांचे स्वतःचे, खऱ्या केबिनसारखे सिम्युलेटर आहेत. घरच्या खेळानं सिग्नलांची आणि ब्रेकची भाषा कानावर पडते, हे मी मान्य करतो. त्याला गुण कुणी देत नाही.

आणि वैद्यकीय तपासणी. या पदाला ए-वन दर्जा लागतो, म्हणजे चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची नजर ६/६. लेझरनं नंबर घालवलेलाही चालत नाही.

भाच्याला चौथीपासून चष्मा आहे. मेसेजमधला पाचवा मुद्दा त्यानंच मला मोठ्यानं वाचून दाखवला होता, आणि ए-वनचं त्यानंच आधी शोधून काढलेलं होतं. मी काय बोलावं या विचारात असताना त्यानं चष्मा शर्टाला पुसला, माझ्या वहीतल्या मार्गावरची ब्रिटिश लोकल सुरू केली आणि तिसऱ्या स्टेशनला प्लॅटफॉर्मवरच्या खुणेच्या डब्याच्या अर्ध्या दरवाजाएवढा पुढे जाऊन थांबला.

“मामा, वहीत लाल छप्पर खोडू? तिथे ब्रेक उशीर होतोय.”

“खोडू नकोस. माझी गाडी जड होती. शेजारी तुझी खूण लिही.”