परदेशातून: पोरांना ट्रॅक द्याच, पण दुसरी हीटही द्या

रस्त्यावर स्टंट करताना एखादा पोरगा गेला की आपल्याकडे चार दिवस तोच वाद रंगतो. एक बाजू म्हणते, गाड्या जप्त करा, आई-बापांवर गुन्हे दाखल करा. दुसरी म्हणते, पोरांना ट्रॅक द्या. जानेवारी 2024 मध्ये पुण्यात, बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची (मातीच्या उंचवट्यांवरून उड्या घेत पळवायच्या मोटारसायकलींची) पहिली फेरी झाली आणि दुसऱ्या बाजूला जोर आला: लीग आली, आता पोरं ट्रॅकवर जातील. व्रोत्स्वाफमध्ये राहून पोलंडची स्पीडवे लीग बघताना मला हे गणित अर्धवट वाटतं. लीग आली म्हणून पोरं ट्रॅकवर जात नाहीत. लीगच्या नियमांनी क्लबला गावातली पोरं तयार करायला भाग पाडलं, तर जातात.

स्पीडवे आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार रायडर, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे, मिनिटभरात निकाल. मोटारसायकल 500 सीसीची, एका सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी, किमान वजन 77 किलो. गिअर एकच आणि ब्रेक नाहीत. ब्रेक नसणं हीच त्यातली सुरक्षितता, कारण पुढचा एकदम थांबला आणि मागचा त्याच्यावर आदळला असं होत नाही. डाव्या बुटाला पोलादी तळ बांधलेला असतो. तो पाय टेकवून मागचं चाक घसरवत वळण काढायचं. उजव्या मनगटाला दोरी असते. रायडर पडला की ती सुटते आणि इंजिन बंद पडतं. पहिल्याला 3 गुण, मग 2, 1, 0.

इथल्या सर्वोच्च लीगचं नाव एक्स्ट्रालिगा. आठ क्लब, प्रत्येकाची प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक अशी गाठ, म्हणजे साखळीचे 14 सामने. एप्रिलमध्ये मोसम सुरू होतो आणि बाद फेरी शरद ऋतूपर्यंत जाते. सामना 15 हीटचा (हीट म्हणजे एक शर्यत, तीत प्रत्येक संघाचे दोन रायडर), एकूण 90 गुणांचा, म्हणजे 46 झाले की जिंकलात. विजयाचे दोन गुण, शिवाय दोन्ही सामन्यांची बेरीज ज्याची जास्त त्याला एक जादा. त्यामुळे बाहेर 40-50 असं हरणं आणि 30-60 असं हरणं यात फार फरक पडतो आणि हरणारा संघही शेवटच्या हीटपर्यंत जीव तोडून पळतो. स्टँडमध्ये आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या मांडीवर छापील पत्रक आणि हातात पेन असतं. प्रत्येक हीटनंतर चौकटीत आकडा भरायचा. पडला तर एक अक्षर, गाडी बंद पडली तर दुसरं, स्टार्टच्या फितीला धडकला तर तिसरं. स्वतःच्याच जोडीदाराच्या मागोमाग आलेल्याला बोनस, तोही वेगळा लिहायचा. मुलं हा खेळ आधी या पत्रकावर शिकतात.

आता माझा मुद्दा. प्रत्येक संघात 21 वर्षांपर्यंतचे दोन पोलिश ज्युनिअर असलेच पाहिजेत, आणि दुसरी हीट फक्त त्यांची: दोन घरचे, दोन पाहुणे. तिथे कुठलाही जगज्जेता बदली म्हणून उतरवता येत नाही. त्या हीटचे 5-1 आणि पंधराव्या हीटचे 5-1 यांची किंमत एकच. शिवाय नंतरच्या काही हीटमध्ये याच पोरांना सीनिअर रायडरांच्या शेजारी स्टार्टला उभं राहावं लागतं. ज्या क्लबचे ज्युनिअर कच्चे, त्याचे बाकीचे पाच कितीही महागडे असोत, सामना निसटतो. म्हणून क्लब पैसे खर्चून पोरं शिकवतो. 2021 पासून 24 वर्षांपर्यंतच्या एका रायडरचीही सक्ती झाली. गोझूफमध्ये ज्युनिअर म्हणून वाढलेला बार्तोश झ्मार्झलिक 2019 मध्ये पहिल्यांदा जगज्जेता झाला तो याच मुशीतून. आपल्या सुपरक्रॉस लीगमध्ये आंतरराष्ट्रीय गट वेगळा, भारत-आशियाचा वेगळा. आपल्या पोराला सर्वोत्तम रायडरच्या शेजारी स्टार्ट मिळत नाही, आणि तोच तर खरा क्लास असतो.

दुसरा फरक पदावनतीचा. लेश्नो हा 18 विजेतेपदांचा क्लब. 2017 ते 2020 सलग चार वर्षं अजिंक्य. 2024 मध्ये तो शेवटचा आला आणि खालच्या लीगमध्ये गेला. गाव आपल्या तालुक्याच्या गावाएवढं. आपल्यासारख्या फ्रँचायझीच्या लीगमध्ये शेवटच्या संघाचं काहीच बिघडत नाही, मग त्याने पाच वर्षांनंतरच्या रायडरवर आज पैसे का घालावेत?

ट्रॅकबद्दल बोलताना आपल्याकडे जागेच्या पुढे चर्चा जात नाही. जागा हा सोपा भाग आहे, साधारण 350 मीटरचा ट्रॅक स्टेडियममध्ये मावतो. अवघड असते ती माती. घट्ट दाबलेला पाया आणि वर बारीक दगडाचा काही सेंटिमीटर सैल थर. पाणी कमी पडलं की धूळ उडते, मागच्याला काही दिसत नाही. जास्त झालं की चाकं खोलवर खाचा पाडतात. घसरतं चाक अशा खाचेत पकड घेतं, पुढचं चाक उचलतं, गाडी वळायची सोडून सरळ होते आणि थेट कुंपणावर जाते. म्हणून दर काही हीटनंतर ट्रॅक्टर थर सारखा करतो, टँकर फिरतो, पावसाचा अंदाज असला की अख्खा ट्रॅक ताडपत्रीने झाकतात. वळणांवर हवेचे फुगीर कठडे असतात. ॲम्ब्युलन्स जखमीला घेऊन बाहेर गेली तर तिच्या जागी दुसरी उभी राहेपर्यंत पुढची हीट होत नाही. एवढं करूनही 2012 मध्ये इथे व्रोत्स्वाफमधल्या लीगच्या सामन्यात ब्रिटिश रायडर ली रिचर्डसन गेला. 2015 मध्ये झ्येलोना गूरा इथे डार्सी वॉर्डचं कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. ‘ट्रॅक म्हणजे सुरक्षित’ असं सांगून पालकांना पटवू नये.

पैशावरून इथेही भांडणं आहेत. बहुतेक स्टेडियम शहराच्या मालकीची आहेत आणि पालिका क्लबला मदत करते; शाळा-ट्राम सोडून मोटारसायकलींवर खर्च का, हा प्रश्न निवडणुकीत निघतोच. मला हा प्रश्न रास्त वाटतो. पण इंग्लंडमध्ये उलट पाहायला मिळतं. तिथले अनेक क्लब ग्रेहाउंडच्या शर्यतींच्या खासगी मैदानांवर भाड्याने राहिले. मालकाचं मन बदललं आणि वुल्व्हरहॅम्प्टनसारख्या जुन्या क्लबचं मैदान 2023 नंतर गेलं. मैदान सार्वजनिक असेल तर त्याच्या बदल्यात तालमीचे तास मागता येतात. आपल्याकडे मैदान लीगला देताना ती अट कुणी घालत नाही.

महाराष्ट्रात हे जसंच्या तसं आणू नये. मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच हवा. मराठवाड्यात एप्रिलमध्ये गाव टँकरची वाट बघत असताना ट्रॅकवर पाणी ओतणं कुणालाही पटणार नाही, पटूही नये. मिथेनॉलही नको. 2015 च्या मालवणी दारूकांडात त्यानेच शंभराहून जास्त बळी घेतले. त्याचा साठा गावोगाव करण्यात शहाणपण नाही. शिवाय उन्हात त्याची ज्वाला दिसत नाही, पेटलेला माणूस कळायला उशीर होतो. सुरुवातीला देशी 150-200 सीसीच्या पेट्रोलच्या गाड्या पुरेत, आणि वरच्या थराला क्रशरची कच मिळेलच. पोलिश पोरंही आधी 125 आणि 250 सीसीवरच हात बसवतात. मग शर्यतीच्या लायसन्सची परीक्षा: लेखी, ठरलेल्या वेळेत चार फेऱ्या, आणि शेवटी चौघांच्या हीटमध्ये स्टार्ट. कोल्हापूर, नाशिक, पुणे, संभाजीनगर असे चार क्लब, दोन स्थानिक ज्युनिअरांची सक्ती आणि दुसरी हीट फक्त त्यांची, एवढ्यावर पहिला मोसम घेता येईल.