थोरली हाताखाली आली!

परवा बेळगावात गणपत गल्लीत भाजी घेताना ओळखीच्या एक बाई भेटल्या. माझी तिन्ही मुलं घरीच शिकतात हे त्यांना ठाऊक आहे. पहिला प्रश्न ठरलेलाच, "अजून शाळेला घातलं नाही काय ओ पोरांस्नी?" दुसरं वाक्य मात्र कौतुकाचं होतं. "बरं झालं खरं, थोरली हाताखाली आली. धाकट्यांचं आता तीच बघत असंल की."

मी "होय की" म्हणून हसले आणि कोथिंबिरीचा भाव विचारला. पण ते वाक्य घरापर्यंत माझ्या पिशवीतूनच आलं. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

थोरली १३ वर्षांची, मधला ९, धाकटी ५. अडीच वर्षं आम्ही घरीच शिकतोय. शाळा का सोडली तो विषय आज नको, त्यावर एकदा भांडून झालंय. कायद्याचं विचारणाऱ्यांसाठी एवढंच सांगते: २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेचा हक्क देतो, घरशिक्षणाबद्दल त्यात अवाक्षर नाही. चौदा पूर्ण झाली की एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीला बसता येतं. थोरलीचं तेच ठरलंय.

आता मुद्द्याचं. तीन वयांची तीन मुलं एका घरात शिकवायची म्हणजे तीन वर्ग भरवायचे, अशी माझी समजूत होती. मोठ्या ड्रॉइंग पेपरवर स्केचपेननं वेळापत्रक केलं. नऊ ते दहा थोरली गणित, मधला मराठी वाचन, धाकटी रंगकाम. धाकटी तेव्हा अडीच वर्षांची. तिसऱ्याच दिवशी तिनं रंगाचं पाणी थोरलीच्या अपूर्णांकांवर ओतलं. मग मी ते केलं जे आपल्या घराघरांत होतं. "बाळा, हिला जरा माडीवर घेऊन जा." "बाळा, दादाचे पाढे तेवढे ऐक." "तुझं काय, तू हुशार आहेस, तुझं तू वाचशील."

आणि ती वाचायची. कुरकुर नाही, काही नाही. शेजारीपाजारी कौतुक. मीही त्या कौतुकात सामील.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी सहज तिची गणिताची वही चाळली. शेकडेवारीचं एकच पान, तीन आठवडे तेच. विचारलं तर म्हणाली, "आई, मला पण कुणीतरी शिकवा की." रडून नाही, रागानं नाही. मीठ संपलंय सांगावं तशी.

खरं सांगायचं तर मला हे आधीच कळायला हवं होतं. मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातली. आमच्या गावच्या शाळेत चार वर्गांना दोन गुरुजी. एक जण मिटिंगला गेले की चौथीतल्या आम्हा मुलींना पहिलीवर बसवायचे. हातात छडी, समोर वीस पोरं, आणि "क का कि की". आई गावभर सांगायची, माझी पोरगी बाई झाली म्हणून. त्या वर्षी चौथीचा भागाकार मात्र माझ्या हातून निसटला, तो पुढं सहावीत चुलतभावानं शिकवला. तीच छडी मी माझ्या पोरीच्या हातात दिली, आणि वर तिला "जबाबदार" म्हणाले.

हे थोरल्या मुलाच्या वाट्याला फारसं येत नाही बरं का. बारा वर्षांच्या मुलाला आपण सायकल घेतो, बारा वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटं देतो.

यातून वाट दाखवली ती पलीकडच्या गल्लीतल्या कन्नड शाळेच्या बाईंनी. त्यांनी मला त्यांच्या "नलि-कलि" या शिकवण्याच्या पद्धतीबद्दल सांगितलं. नलि म्हणजे नाच-बागड, कलि म्हणजे शीक. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात हे सुरू झालं. तिथले शिक्षक आंध्रातल्या ऋषी व्हॅलीची पद्धत बघून आले होते. पुढं ते राज्यभरच्या सरकारी शाळांत गेलं. पहिली-दुसरी-तिसरीची पोरं एकाच खोलीत, जो तो आपल्या शिडीच्या आपल्या पायरीवर. मला भावलं ते त्यांचं गट पाडणं. इयत्तेवर नाही, त्या घडीला कुणाची मदत लागणार यावर गट. काही पोरं बाईंजवळ, काही सोबत्याजवळ, काही आपली आपण. मूल आज या गटात, उद्या त्या गटात. म्हणजे सोबत्यानं शिकवणंही आहे, पण ते वाटून आलेलं. एकाच पोरावर वर्षभर लादलेलं नाही.

मी ड्रॉइंग पेपर फाडला. सकाळी आधी धाकटीला घेते, चाळीस मिनिटं, पूर्ण. फोन लांब, कुकर बंद. तिचं पोट भरलं की ती आपोआप सुटते, खेळायला जाते. मग मधला. थोरलीचा वेळ दुपारी दीड ते तीन, धाकटी झोपल्यावर, माडीवर, दाराला कडी. पूर्वी तिला माझा रात्रीचा उरलासुरला वेळ मिळायचा, मी डुलक्या घेत असताना. आता मधल्यालाही त्या वेळात वर यायला बंदी. त्यानं आठवडाभर दार वाजवलं, नंतर आजीकडं वळला. सासूबाईंना हे घरशिक्षण आजही पटलेलं नाही, पण नातवाला पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) म्हणायला लावतात. सहा पाव दीड, हे त्याला माझ्याकडून कधीच कळलं नसतं.

उरलेला दिवस तिघं एकत्रच. एकच काम, ज्याला जेवढं खोल जाता येईल तेवढं.

कुंद्याचं, म्हणजे आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईचं, उदाहरण देते, आपण बेळगावचे. मोठ्या काट्यावर कढई ठेवून वजन घेतलं, मग दोन लिटर म्हशीचं दूध ओतलं. मधला म्हणाला, काटा चुकतोय, दोन लिटर म्हणजे दोन किलो ना? काटा २ किलो ६० ग्रॅम दाखवत होता. दूध पाण्यापेक्षा जड, हे त्यानं त्या दिवशी स्वतः पकडलं. दर पंधरा मिनिटांनी कढई उतरवून वजन करायचं. धाकटी भिंतीवर खडूनं रेघ मारणार, मधला आकडा लिहिणार, थोरली आलेख काढणार. दूध आटलं, हात भरून आले, शेवटी खवा ४५० ग्रॅम. थोरलीची अडलेली शेकडेवारी इथं सुटली: जवळजवळ २२ टक्के. पुढच्या आठवड्यात तिनंच हट्टानं गाईचं दूध आणायला लावलं, तो खवा ३७० ग्रॅमच भरला, १८ टक्के. फरक कुठं गेला? मग स्निग्धांश, मग पिशवीवरचे आकडे, मग गवळ्याशी वाद. (गवळी आता तिला बघून सायकल जोरात मारतो.) कुंदा थोडा करपला. संपला मात्र दहा मिनिटांत.

दुसरं, कणकुंबी. बेळगावपासून चाळीसेक किलोमीटर, चोर्ल्याच्या वाटेवर. मलप्रभेचा उगम तिथं. तिचं पाणी पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेत मिळतं, म्हणजे शेवटी बंगालचा उपसागर. आणि याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते, तिथं मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते. एकाच तालुक्यातला पाऊस दोन समुद्रांना. धाकटीनं मातीचा उंचवटा करून वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि दोन्हीकडं ओघळ गेले म्हणून टाळ्या पिटल्या. मधल्यानं नकाशा काढला, त्यात सौंदत्तीजवळचं नविलुतीर्थ धरण त्यानं फारच मोठं काढलंय. या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटक भांडतात, त्या वादातल्या लवादाचा निकाल थोरलीनं शोधला. २०१८ मध्ये म्हादईच्या पाण्यातला कर्नाटकाचा वाटा १३.४२ टीएमसी ठरला. टीएमसी म्हणजे किती? शंभर कोटी घनफूट, साधारण २,८३० कोटी लिटर. म्हणजे कर्नाटकाचा सगळा वाटा आमच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीच्या हिशेबात अडतीस कोटी टाक्या. मग जेवताना तिनं विचारलं, "आपण कुणाच्या बाजूचे? मावशी तर गोव्यात आहे." या प्रश्नाचं सरळ उत्तर बेळगावच्या मराठी घरात कुणी देऊन दाखवावं!

कन्नडचं मी शिकवतच नाही, ते गल्लीनं घेतलंय. मधल्यानं दुकानात जाऊन "पेन्सिल कोड्री" म्हणताना ओकार इतका लांबवला की शेजारच्या अज्जी पोट धरून हसल्या. कन्नडमध्ये ह्रस्व ओ वेगळा, दीर्घ ओ वेगळा. "कोडु" ह्रस्व म्हटलं तर दे, दीर्घ म्हटलं तर शिंग. आपल्या मराठीत एकच ओ, त्यामुळं कान तयार नाही. ते तो धाकटीला शिकवतो. कुणी सांगितलं नाही, आपल्या मर्जीनं. दिवसातून पाच वेळा एकमेकांना शिंगं मागतात.

म्हणजे भावंडांनी एकमेकांना शिकवूच नये असं मी म्हणत नाहीय. सांगताना आपलं आपल्याला पक्कं होतं, हे मी थोरलीत पाहिलंय. ती धाकटीला गोष्ट वाचून दाखवते तेव्हा तिलाही मजा येते. पण कंटाळा आला की ती पुस्तक मिटून उठू शकते का, हे बघा. माझ्या घरी वर्षभर ती उठू शकत नव्हती, कारण मी स्वयंपाकघरातून ओरडायचे. घरीच शिकवणाऱ्यांपुरतं हे नाही. संध्याकाळी शाळेतून आलेल्या तीन पोरांना एका चटईवर बसवणाऱ्यांनीही आपल्या थोरलीची वही एकदा उघडून बघावी. शेवटचं नवीन पान कधीचं आहे ते.

काल त्या बाई पुन्हा भेटल्या, सकाळी दहाला, आमच्याच दारात. "काय, थोरली शिकवालीय काय धाकट्यांस्नी?"

म्हटलं, "झोपलीय."

खरंच झोपली होती. रात्री अकरापर्यंत टाक्यांचा हिशेब पुन्हा मांडत बसली होती, आदल्या वेळी एक शून्य चुकलं म्हणून.