सातवीतल्या पोरीला 'चोकर' म्हणताना लाज कशी वाटत नाही?

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

शेजारच्यांची मुलगी क्रिकेट खेळते. रविवारी तिला मैदानावर मीच सोडतो. आज शेवटची ओव्हर तिच्याकडे होती. दोन वाइड गेले, मग एक चौका, मॅच गेली. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "चोकर आहेस तू." दोन-चार पालक हसले. तीही हसली, आणि तेच मला जास्त लागलं.

ऐन वेळी कच खाल्ली की इंग्रजीत 'चोक' म्हणतात. साउथ आफ्रिकेच्या कपाळावर ते गोंदवूनच टाकलंय. १९९९च्या वर्ल्ड कपची, ऑस्ट्रेलियाविरुद्धची एजबॅस्टनची सेमीफायनल आठवा. शेवटच्या ओव्हरमध्ये नऊ हवे होते, क्लूझनरने पहिल्या दोन बॉलवर दोन चौके मारून स्कोअर बरोबरीत आणला. चौथ्या बॉलला डोनल्ड रनआउट झाला, मॅच टाय, आणि आधीच्या फेरीतल्या सरस कामगिरीवर ऑस्ट्रेलिया फायनलला. त्या वर्ल्ड कपचा सर्वोत्तम खेळाडू क्लूझनरच होता हो! पण आपण काय लक्षात ठेवलं? तो रनआउट.

या पोरीनेही आधीच्या ओव्हर्समध्ये दोन विकेट काढल्या, म्हणून तर मॅच शेवटपर्यंत गेली. त्याबद्दल एक अक्षर नाही.

आणि २०२४च्या टी-२० वर्ल्ड कपची, आपल्याविरुद्धची बार्बाडोसची फायनल? ३० बॉलमध्ये ३० हवे होते त्यांना. बुमराहने दोरी आवळली, हार्दिकने क्लासेनला काढलं, सूर्याने सीमारेषेवर मिलरचा तो कॅच घेतला. आपण रस्त्यावर नाचलो ना? मग समोरच्यांनी 'चोक केलं' कसं म्हणता? आपली पोरं जिंकली की नाही जिंकली, एकदा ठरवा.

२००३च्या वर्ल्ड कपला डर्बनमध्ये, पावसाने मॅच थांबली तर किती रन हवेत याचं गणित त्यांनी स्वतःच चुकवलं, ते मान्य. पुढे?

२०२५ला लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून टेस्ट चॅम्पियनशिपची फायनल जिंकले. कॅप्टन बवुमा मांडी आखडलेली असताना लंगडत खेळला, मार्करमने १३६ काढले. ऑस्ट्रेलियावाले मैदानात हाच शब्द ऐकवत होते, असं बवुमानेच नंतर सांगितलं. एवढं करूनही, त्याच वर्षी नोव्हेंबरात नवी मुंबईत आपल्या मुलींनी साउथ आफ्रिकेला हरवून वर्ल्ड कप जिंकला तेव्हा माझ्या टाइमलाइनवर पुन्हा 'चोकर्स'! फायनलमध्ये १०१ काढणाऱ्या त्यांच्या कॅप्टन वोल्वार्टला!

आपल्याकडे मल्ल चितपट होतो, माती झटकतो, पुढच्या मैदानाला पुन्हा लंगोट कसतो. 'चितपट' हे कुणाचं नाव नसतं.

सर वाईट नाहीत, हेही सांगतो. उन्हातान्हात उभे राहतात, फी थकली तरी पोरांना घरी पाठवत नाहीत. त्यांना हा शब्द टीव्हीनेच शिकवला असेल. पण ती स्कूटरवर मागे बसून म्हणाली, "काका, मला शेवटची ओव्हर नको देऊ म्हणून सांगा ना सरांना."

मी ते सांगणार नाही. पुढच्या रविवारी मॅचच्या आधी सरांना बाजूला घेऊन बोलणार आहे, शेवटची ओव्हर तिलाच द्या म्हणून. त्या बॅचचे जे पालक हे वाचतायत, त्यांनीही या. हसलेल्यांनी तर नक्की या.