बंड्याचे जंत आणि माझं वजन

"बाबा, बंड्याच्या गादीवर तांदूळ सांडलेत."

सकाळची वेळ, मी अर्धवट झोपेत. "उचलून टाक," म्हणालो आणि कूस बदलली. थोड्या वेळाने लेकीचा आवाज पुन्हा आला, या खेपेला जरा बारीक.

"बाबा, त्यातला एक चालतोय."

बायकोच्या तीन हाकांना न उठणारा मी त्या एका वाक्याने उठलो. गादीवर पाच-सहा चपटे पांढरट दाणे पडले होते. दोन-तीन वाळून काकडीच्या बीसारखे पिवळट झाले होते आणि एक खरंच अंग आखडत, ताणत कुठेतरी निघाला होता. बंड्या शेजारी बसून आमच्याइतक्याच कुतूहलाने त्याच्याकडे बघत होता. 'हे माझं नाही' असा चेहरा करण्यात आमच्या कुत्र्याचा हात कुणी धरणार नाही.

जंत झालेत यावर एकमत झालं, पण पुढे काय करायचं यावर घरात तीन पक्ष पडले. बायको 'आत्ताच्या आत्ता डॉक्टर' पक्षाची. आई 'लसूण ठेचून घाला' पक्षाची. आईने आयुष्यात एकही कुत्रा पाळलेला नाही, पण अनुभवाच्या अभावामुळे तिचा सल्ला कधी अडलेला नाही. मी 'आधी जरा वाचून बघू' पक्षाचा. या पक्षाचं खरं नाव 'स्वस्तात भागतंय का बघू' असं आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

दोन तास वाचल्यावर कळलं की जंत हे एक प्रकरणच नव्हे, चांगलं मोठं खानदान आहे. गोलकृमी तर वारसाहक्काने येतात. आईच्या शरीरात निपचित पडलेल्या अळ्या ती गाभण राहिली की जाग्या होतात आणि पिल्लाच्या अंगात शिरतात. म्हणजे पिल्लाचे डोळे उघडण्याआधीच पोटात भाडेकरू हजर. म्हणून तर पिल्लांना दोन आठवड्यांची असल्यापासून दर पंधरवड्याला औषध सुरू करतात, पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात आणि त्यांच्या अळ्या कातडीतूनसुद्धा आत शिरतात. एक गोलकृमीची मादी दिवसाला हजारोंनी अंडी घालते. हे वाचल्यावर मी वाचन थांबवलं आणि हात धुऊन आलो. मग आठवलं की वाचताना हात कशालाच लागला नव्हता. तरी पुन्हा एकदा धुतले.

औषधाच्या दुकानात मी सगळ्यांत स्वस्त बाटली मागितली. पायरँटेलचं पातळ औषध मिळालं. वाचून गेलो असल्यामुळे मी मनातल्या मनात मान डोलावली. हे औषध आतड्यातून रक्तात फारसं उतरतच नाही, जंतांपुरतं काम करतं, म्हणून इवल्याशा पिल्लांनासुद्धा देतात. सुरक्षित आहे, स्वस्त आहे, वर गोड. जंतांच्या बाबतीत एवढं नशीब फळफळलेला माणूस विरळाच.

"वजन किती कुत्र्याचं?" दुकानदाराने विचारलं. औषध वजनावर द्यायचं असतं. मी घरी येऊन शास्त्रशुद्ध मोजलं. कुत्र्याला उचलून आपल्या वजनकाट्यावर उभं राहायचं आणि एकूणातून आपलं वजन वजा करायचं. बंड्या हवेत चारही पायांनी पोहत होता. काट्यावर ९२ किलो दिसले. माझे ७२ वजा केले, बंड्या २० किलो. बरोब्बर वीस! इतकं गोल उत्तर आलं की हिशेब चुकायची शंकाच आली नाही.

बंड्याने औषध मिटक्या मारत चाटलं. दहा दिवसांनी गादीवर पुन्हा तांदूळ.

आता शेजारचे काका मैदानात उतरले. त्यांच्या एका मित्राचा गोठा आहे, तिथे गुरांच्या जंतांसाठी आयव्हरमेक्टिनची मोठी बाटली असते. "एक चमचा दिला की विषय संपला. आणि साधंसुधं औषध नाही हे, २०१५ चं नोबेल मिळालंय त्याला!" माहिती खरी होती. जपानच्या सातोशी ओमुरा यांनी मातीतून शोधलेला एक जिवाणू, त्यावर विल्यम कॅम्पबेल यांनी केलेलं काम आणि त्यातून निघालेलं हे औषध, याबद्दल त्या दोघांना खरंच नोबेल मिळालं. फुकट आणि वर नोबेलवाला चमचा! माझा पक्ष जवळजवळ विरघळला होता. पण बायकोने गाडीची किल्ली उचलली आणि बंड्याला, मला आणि माझ्या मतांना मागच्या सीटवर बसवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी विचारलं, "काय दिलंत?" मी अभिमानाने बाटली दाखवली.

"चांगलं औषध आहे," त्या म्हणाल्या. मी बायकोकडे पाहिलं. "पण हे चालतं गोलकृमी आणि अंकुशकृमींवर. तुमचे तांदूळ म्हणजे पट्टकृमीचे तुटलेले तुकडे. त्याला प्राझिक्वांटेल लागतं. याने त्याला काहीही होत नाही."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय. अख्खी बाटली आणून मी बंड्याच्या पट्टकृमीला सरबत पाजलं होतं.

"वजन?"

"वीस," मी म्हणालो. "घरी मोजलंय."

त्यांनी बंड्याला दवाखान्यातल्या काट्यावर चढवलं. १४.२.

"कसं मोजलंत घरी?" मी पद्धत सांगितली. "पद्धत बरोबर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मग तुमचं वजन बहात्तर कधी मोजलं होतं?"

"आमच्या लग्नाच्या वेळी," बायको म्हणाली.

दवाखान्यातला काटा जमिनीलगतचा, रुंद, मोठ्या कुत्र्यांसाठी केलेला. त्यावर मला उभं केलं. भिंतीवरचे लाल आकडे समोरच्या बाकावर लॅब्रॅडॉर घेऊन बसलेल्या बाईंना माझ्याआधी दिसले. ७७.८. लेकीने बोटांवर बेरीज केली, "बाबा, बरोबर ब्याण्णव होतात!" हिशेब चोख होता. त्यातले ५.८ किलो फक्त मी बंड्याच्या नावावर ठेवले होते, इतकंच.

डॉक्टर हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. गोळी साधारण दर दहा किलोला एक, म्हणजे बंड्याला दीड. माझ्या हिशेबाने दोन गेल्या असत्या. "या गोळीत एवढं इकडे-तिकडे सहसा चालून जातं," त्या म्हणाल्या, "पण कमी पडली तर जंत शिल्लक राहतात. आणि काही औषधांत जास्तीचं अजिबात चालत नाही."

तेवढ्यावरून मी काकांच्या चमच्याचा विषय काढला. मघापर्यंत शांत असलेल्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"नोबेल औषधाला मिळालंय. तुमच्या चमच्याला नाही."

मग त्यांनी समजावलं. गुरांचं औषध कित्येकशे किलोंच्या जनावराच्या मापाचं असतं. चौदा किलोंच्या कुत्र्यासाठी चमच्याची चूक म्हणजे कितीतरी पटींची चूक. शिवाय कॉली जातीच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या कित्येक कुत्र्यांत एक जनुक बिघडलेलं असतं, २००१ साली ते शोधून काढलं. त्यामुळे मेंदूच्या दारावरचा पहारेकरीच गैरहजर असतो आणि हे औषध थेट आत जातं. कुत्रा झोकांड्या खातो, बेशुद्ध पडतो, कधी वाचत नाही. बंड्याच्या आजोबांची जात कुणाला ठाऊक? "आणि इतकं सगळं करून," त्या म्हणाल्या, "पट्टकृमीवर ते चालतच नाही."

म्हणजे नोबेलवालं सरबत.

आईचा लसूण बायकोने विचारला, आईचं नाव न घेता. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. आतून अंकुशकृमी रक्त पीत असतील तर वरून हा हातभार कशाला? घरी आल्यावर ही बातमी आईला जपून सांगितली. सोबत डॉक्टरांनी सांगितलेली दुसरीही सांगितली, की पूर्वी सुपारीतलं अ‍ॅरेकोलीन नावाचं द्रव्य कुत्र्यांच्या पट्टकृमींसाठी खरंच वापरत. त्याने जंत बाहेर पडत, पण जंताबरोबर पोटातलं बाकी सगळंही, आणि कुत्रा बेजार. चांगली औषधं आल्यावर ते मागे पडलं. आईने यातलं फक्त पहिलं वाक्य ऐकलं आणि म्हणाली, "बघ. मी सुपारीच म्हणणार होते."

सगळ्यांत मोठा धक्का मात्र अजून बाकी होता. "घरात पिसवा आहेत का?" डॉक्टरांनी विचारलं. बायकोचा चेहरा असा झाला की जणू आमच्या सात पिढ्यांच्या स्वच्छतेवर शिंतोडे उडाले. डॉक्टरांनी बारीक फणी बंड्याच्या कमरेवरून फिरवली आणि निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कागदावर झटकली. पूड विरघळून तांबडी झाली. ती पिसूची विष्ठा, म्हणजे बंड्याचंच पचलेलं रक्त. या पट्टकृमीची अंडी पिसूची अळी खाते, अळीची पिसू होते आणि कुत्रा अंग चावताना ती पिसू गिळतो. पिसवा तशाच ठेवल्या तर गोळी कितीही भारी असो, तीनेक आठवड्यांत गादीवर तांदूळ हजर. म्हणजे जंतांच्या खर्चात पिसवांचं औषध, गादीला गरम पाण्याची धुलाई आणि कोपऱ्याकोपऱ्यातून व्हॅक्यूम. मी जिथे पैसे वाचवायला निघालो होतो तिथे मुळात खातंच चुकीचं उघडलं होतं.

बचतीचा विषय मी तरी सोडला नाही. "यातल्या यात स्वस्त?" विचारलंच. डॉक्टरांनी चिठ्ठीवर कंपनीऐवजी औषधांची नावं आणि मिलिग्रॅम लिहिले, प्राझिक्वांटेल, पायरँटेल, फेबँटेल. "हेच घटक, एवढ्याच मात्रेत, कुत्र्यांसाठीच बनवलेली गोळी, सीलबंद, मुदतीतली. मग कुणाचीही घ्या." दुकानात दोन पाकिटं ताडून पाहिली. घटक तेच, मात्रा तीच. महागड्या पाकिटावरचा कुत्रा जरा जास्त हसरा होता. माझ्या बंड्याला हसायची सवय नसल्यामुळे मी साधं घेतलं.

आता उरलं गोळी देणं. याबद्दल जगात जो कुणी 'सहज' हा शब्द वापरतो त्याने एकदा आमच्याकडे यावं.

पहिला प्रयत्न चीजमध्ये. बंड्याने चीज असं अलगद सोलून खाल्लं की गोळी पंचनाम्यातल्या मुद्देमालासारखी लख्ख जमिनीवर उरली. दुसऱ्या प्रयत्नात गोळी कुटून जेवणात कालवली. प्राझिक्वांटेल कडू असतं. बंड्याने एक घास हुंगला, माझ्याकडे पाहिलं आणि दिवसभर त्या ताटलीला वळसा घालून चालला. गेली ती गोळी वाया. तिसरा प्रयत्न डॉक्टरांनी शिकवलेला. मांसाचे तीन तुकडे घ्यायचे, पहिला नुसता, दुसऱ्यात गोळी, तिसरा दुसऱ्याच्या मागोमाग नाकासमोर धरायचा. तिसऱ्याच्या लोभात कुत्रा दुसरा न चावता गिळतो. अर्धी गोळी अशी खरंच गेली. उरलेल्या एका गोळीच्या वेळी मात्र तिसरा तुकडा लेकीच्या हातून निसटला, बंड्या तिकडे झेपावला आणि त्या गडबडीत गोळी गेली कुठे हे कुणाला कळलं नाही. पोटात गेली, असं तिघांच्या मताने ठरलं. आईने मत दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी झाडताना ती सोफ्याखाली सापडली. डॉक्टरांना फोन केला. "किती गेली नक्की?" "अर्धी." "मग राहिलेली आज द्या." सापडलेली गोळी धूळ पुसून वापरावी असा विचार माझ्या मनात आला. बायकोने तो माझ्या चेहऱ्यावरून वाचला आणि पाकिटातली नवी काढली. या खेपेला वरचा जबडा धरून गोळी जिभेच्या पार मागे ठेवली, तोंड मिटलं, गळ्यावरून हात फिरवला. बंड्याने नाक चाटलं. नाक चाटलं म्हणजे गिळलं.

पुढचे तीन दिवस सकाळी मी बंड्यामागून पिशवी घेऊन जाताना जरा जास्तच आशेने जात होतो. पैसे मोजले होते, मला पुरावा हवा होता. काहीही निघालं नाही. न राहवून डॉक्टरांना विचारलं. प्राझिक्वांटेलने पट्टकृमीचं कातडंच फाटतं आणि तो आतल्या आत पचून जातो, म्हणून तो दिसत नाही. म्हणजे मी ज्याच्यावर इतका खर्च केला त्याला शेवटी बंड्यानेच खाल्लं!

पिशवीवरून आठवलं. गोलकृमीची अंडी बाहेर पडल्या पडल्या रोग पसरवत नाहीत. मातीत दोन-तीन आठवडे मुरल्यावर ती तयार होतात आणि मग वर्षानुवर्षं टिकतात. लहान मुलांच्या मातीतल्या हातांतून ती माणसांच्याही पोटात जातात. म्हणून रोजची घाण त्याच दिवशी उचलणं आलं. सगळ्या उपचारात फुकट म्हणावा असा एवढाच भाग सापडला, आणि तो माझ्या वाट्याला आला.

पट्टकृमीसोबत आणखी कुणी आहे का, हे बघायला डॉक्टरांनी नमुनाही मागवला होता. मिठाच्या किंवा साखरेच्या दाट पाण्यात घोळवला की अंडी तरंगून वर येतात. नमुना ताजा हवा, नाहीतर थंड ठेवा, असं त्यांनी सांगितलं. मी तो फ्रिजमध्ये ठेवला. झाकण घट्ट होतं, दोन पिशव्यांत बांधला होता, वर तारीख घातली होती. तरीही घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

दर तीन महिन्यांनी गोळी द्या, नाहीतर निदान नमुना तपासा, असं ठरलं. हे औषध लसीसारखं पुढचं राखत नाही, आज आत आहेत त्यांनाच मारतं. लेकीने माझ्या फोनवर गजर लावून दिला. परवा तो वाजला. बंड्या गजराचा सूर ओळखून पलंगाखाली गेला. त्याला ओढून काढला, उचलला आणि काट्यावर उभा राहिलो.

"चौऱ्याण्णव!" मी जाहीर केलं. "बंड्या चांगलाच भरला हं. सोळा तरी झाला असेल."

लेकीने पुढे होऊन बंड्याला माझ्या हातातून काढून घेतलं.

"बाबा, आता तू एकटा उभा राहा."